हळूमावशींच्या अटी

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका रिकाम्या खुर्चीची समजूत घालत होत्या.

तळमजल्यावरच्या घराचं दार सताड उघडं होतं. बुटकीशी, रुंद खांद्यांची एक बाई चाकांची खुर्ची दोन्ही हातांनी धरून उंबरठ्यावरून आत-बाहेर करत होती. "हळू... हळू. आता एक हिसका बसेल, घाबरायचं नाही," असं ती खुर्चीला सांगत होती. खुर्चीत कुणीच नव्हतं. मी भाजीची पिशवी घेऊन जिन्यापाशी थांबले. सगळं आयुष्य शाळेत गेल्यामुळे स्वतःशी बोलणारी माणसं मी भरपूर पाहिली होती, पण खुर्चीशी बोलणारं कुणी पाहिलं नव्हतं.

तिनं माझ्याकडे बघून मनगटानं कपाळ पुसलं. "उंबरठा उंच आहे," ती म्हणाली. "माणूस बसवल्यावर कळून काय उपयोग?"

"तुम्हाला इथं काम मिळालं वाटतं?"

"अजून बोलणी व्हायचीत. आधी घर बघते, मग बोलते. नाहीतर बोलून बसते आणि मग घर बघून रडते."

पुढं इमारतीतल्या पोरांनी त्यांचं नाव हळूमावशी ठेवलं, कारण सकाळ-संध्याकाळ खिडकीतून तो एकच शब्द बाहेर येई. त्यांना ते नाव आवडलं की नाही, कोण जाणे. पण त्या त्याला ओ देत, आणि मीही त्यांना तेच म्हणत आले.

ते घर शिंपीणकाकूंचं. बायकांचे कपडे शिवायचं दुकान काकूंनी एकटीनं चालवलं, मुलगा वाढवला, आणि नजर मंदावल्यावर दुकान भाड्यानं देऊन त्या घरी बसल्या. बसल्या म्हणायचं एवढंच. जिभेला विश्रांती नव्हती. मग न्हाणीघरात पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी हाड जोडलं, पण पाय काही पुन्हा जमिनीचं ऐकेना.

मुलगा माझ्या वर्गात होता. उत्तर ठाऊक असूनही कधी हात वर करायचा नाही. आता तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हेडक्लार्क आहे, केस पांढरे झालेत, पण स्वभाव तोच. त्याची बायको बँकेत काउंटरवर बसते. दिवसभर काचेमागून लोकांची कटकट ऐकायची, आणि घरी आल्यावर मध्ये काचही नाही. काकू पडल्यापासून त्या दोघांच्या चेहऱ्यांना एक राखाडी कळा आली होती. आधी दिवसाच्या बायका ठेवून पाहिल्या. एक दुपारी झोपायची, एक काकूंशी भांडून गेली, एक काकू तिच्याशी भांडल्या म्हणून गेली. शेवटी ठरलं की घरात राहणारीच बाई हवी.

मुलगा माझ्याकडे वर आला. "बाई, तुम्ही जरा खाली येऊन बसाल? आम्हाला दोघांना बोलणी करता येत नाहीत. मी पटकन हो म्हणतो आणि ही पटकन नाही म्हणते."

"आणि मी काय म्हणू?"

"तुम्ही नुसत्या बसा."

म्हणून मी नुसती बसले. बाहेरच्या खोलीत, शिलाईच्या जुन्या यंत्राशेजारच्या खुर्चीवर. हळूमावशी स्टुलावर बसल्या होत्या, पाठ ताठ, पिशवी मांडीवर. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि त्यापलीकडे काकू झोपल्या आहेत असं सगळे धरून चालले होते.

हळूमावशींनी पगाराचा आकडा सांगितला. सूनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं पंख्याकडे पाहिलं.

"मावशी, राहणं-खाणं आमच्याकडेच आहे ना तुमचं," सूनबाई म्हणाल्या.

"वहिनी, मी इथं राहते ती तुमच्या सोयीसाठी. माझ्या सोयीनं राहत असेन तर भाडं मागा की, देईन."

थोडं इकडं, थोडं तिकडं होऊन आकडा ठरला. घासाघीस करताना त्यांचा आवाज चढला नाही की पडला नाही. भाजीवाल्याशी भाव करतो तसा उत्साह त्यात नव्हता. पुष्कळ वेळा केलेलं काम पुन्हा करावं, तसं त्या बोलत होत्या. मग बाकीच्या अटी आल्या. गुरुवारी दुपारपासून रात्रीच्या जेवणापर्यंत सुट्टी, आणि कुठं जाता असं विचारायचं नाही. कपड्यांसाठी एक फळी, तिच्यावर दुसऱ्या कुणाचं काही ठेवायचं नाही. घरात शिजेल तेच त्यांच्या ताटात, उरेल ते नव्हे.

"आणि जेवायला बसले की ताट संपेपर्यंत उठणार नाही," त्या म्हणाल्या. "घराला आग लागली तर गोष्ट वेगळी."

मुलगा हसला. "आग लागली तर उठाल ना नक्की?"

"कितपत लागलीय ते बघून."

सगळं सुरळीत संपतंय असं वाटत असताना त्यांनी पिशवी मांडीवरून काढून खाली ठेवली. "आता शेवटचं. काकूंच्या नंतर माझं काय, तेवढं आधी ठरवा."

मुलगा उठला, पाणी आणतो म्हणाला, आणि कुणीही पाणी मागितलेलं नव्हतं. सूनबाईंचा चेहरा लाल झाला. "अहो, असं अभद्र काय बोलता! अजून कामाला लागला नाहीत तोवर?"

"लागल्यावर कसं बोलू, वहिनी? लागल्यावर जीव जडतो. मग तोंडातून शब्द निघत नाही." त्या माझ्याकडे वळल्या, कदाचित मीच तेवढी रिकामी बसले होते म्हणून. "बाई, मागच्या घरी आजोबा पहाटे गेले. दुपारपर्यंत बाहेरगावची माणसं आली. संध्याकाळी माझी पिशवी जिन्यात होती. लोक वाईट नव्हते हो. रडायला आलेल्या माणसांनाही झोपायला जागा लागते. त्याच्या आधीच्या घरी तेच, त्याच्या आधीही तेच. प्रत्येक घरातून मी रडत निघते, आणि गेलेल्या माणसासाठी रडतेय की गेलेल्या जागेसाठी, ते माझं मलाच कळत नाही. म्हणून म्हणते, काकूंच्या नंतर तीन महिने मला इथून हलवायचं नाही. तेवढ्यात मी दुसरं घर बघेन."

यावर कुणी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "कोण मरतंय गं?"

सूनबाईंनी अर्धवट लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

"मी विचारतेय, कोण मरतंय? मी असेन तर मला आत येऊन सांगा. माप घ्यायचं तर माणूस समोर लागतो. पाठीमागं मापं घेऊन कपडे बिघडतात."

आम्ही सगळे ओशाळून आत गेलो. काकू उशीला टेकून बसल्या होत्या, डोळे लख्ख उघडे. त्यांनी हळूमावशींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तीन महिने? मी मेल्यावर तीन महिने माझ्या घरात काय करणार तू? माझ्या नावानं लोळणार?"

"घर शोधणार, काकू. लोक आजारी पडतात, पण माझ्या वेळापत्रकानं नाही पडत."

काकूंना हे आवडलं, त्यांच्या ओठाचा एक कोपरा वर गेला तेव्हा मला कळलं. "एक महिना."

"तीन."

"दोन. आणि गादी तू धुवायचीस, सून धुणार नाही माझी गादी."

"दोन," हळूमावशी म्हणाल्या. "गादी धुवायची नसते, काकू. उन्हात टाकायची असते."

सगळं कागदावर घ्यायचं काम मुलाकडे आलं. शेवटच्या अटीपाशी त्याचं पेन अडलं. "बाई, 'काही बरंवाईट झाल्यास' असं लिहू?"

"बरं झालं तर कशाला लिहायचंय?" काकू गरजल्या. "नुसतं वाईट लिही!"

शेवटी ते वाक्य मी लिहिलं. सूनबाई तोवर स्वयंपाकघरात निघून गेल्या होत्या आणि भांडी जरा जास्तच आपटत होत्या.

अशा रीतीनं हळूमावशी त्या घरात राहायला आल्या.

त्यांचं काम मी जवळून पाहिलं, कारण संध्याकाळी काकूंशी गप्पा मारायला मी खाली जात असे. अंथरुणाला खिळलेलं माणूस दर थोड्या वेळानं कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. हळूमावशी काकूंच्या अंगाखाली एक दुमडलेली चादर घालून ठेवत आणि तिच्या टोकाला धरून त्यांना वळवत. तोंडानं जप चालू: हळू, हळू. काकू शिव्या देत. हळूमावशी त्यांना उत्तर देत नसत. मग कधीतरी अचानक देत.

"माझ्या बापानं मला असं उलटंपालटं केलं नव्हतं कधी!" काकू ओरडत.

"तुमच्या बापाला पगार नव्हता, काकू."

झोपायला त्या काकूंच्या पलंगालगतच जमिनीवर चटई टाकत. काकूंना रात्री हाक मारायला कमीपणा वाटे, म्हणून दोघींनी एक युक्ती काढली होती. शिलाईची जुनी कापडी टेप; एक टोक काकूंच्या हातात, एक हळूमावशींच्या मनगटाला. काही लागलं की काकू टेप ओढत. नुसतं जागं असल्याचं कळवायलाही ओढत, असं हळूमावशींचं म्हणणं होतं. "म्हातारीला वाटतं मी पतंग आहे," त्या म्हणत, आणि जांभई देत.

ती जांभई मला अजून आठवते. त्यांचा थकवा झोपेनं जाणारा नव्हता. बसल्या तरी त्यांचं अंग बसत नसे. कान आतल्या खोलीत, हात कशाच्या तरी तयारीत. फक्त गुरुवारी दुपारी त्या वेगळ्या दिसत. मी एकदा टपालकचेरीपुढच्या बाकावर त्यांना पाहिलं. चपला काढून, पाय समोर पसरून, रस्त्याकडे बघत बसल्या होत्या. मी शेजारी टेकले.

"इथं येता होय सुट्टीला?"

"इथं कुणी ओळखीचं नाही. म्हणजे नव्हतं."

मी उठायला लागले तशा त्या हसल्या. "बसा हो बाई. गंमत केली."

त्या दिवशी त्यांनी थोडंफार सांगितलं. लग्नानंतर काही वर्षांतच नवरा गेला, मूल नव्हतं, भावानं घरी आणलं. भावाची मुलं त्यांनी वाढवली. पुढं थोरल्याचं लग्न ठरलं, खोली कमी पडायला लागली, आणि एके दिवशी भावजयीनं फार गोड शब्दांत विचारलं की ओळखीच्या एका आजोबांना बघायला माणूस हवंय, जाता का. त्या गेल्या. त्यानंतर परत जायचं कारण पडलं नाही. "भाचा फोन करतो," त्या म्हणाल्या. "वर्षातून एकदा. चुकून लागल्यासारखा."

वर्षं अशीच गेली. काकू क्षीण होत होत्या, पण संपत नव्हत्या. डॉक्टर प्रत्येक खेपेला "वय झालंय" म्हणून जात आणि काकू त्यांच्या पाठीमागं "तुझंही होईल" म्हणत. हळूमावशींचे केस पांढरे झाले. जिना चढून माझ्याकडे काही मागायला आल्या तर त्या कठड्याला धरून उभ्या राहत, श्वास परत येईपर्यंत. मी ते पाहिलं होतं, सूनबाईंनीही पाहिलं असणार. पण पलंगावरच्या माणसाकडे सगळ्यांचं लक्ष असलं की पलंगाशेजारी उभ्या असलेल्या माणसाचं वय कुणी मोजत नाही.

एका सकाळी खालून धातूचा वाडगा बडवल्यासारखा आवाज आला. थांबेना. मुलगा आणि सूनबाई कामाला गेलेले. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असे, ती घेऊन मी खाली धावले. काकू चाकांच्या खुर्चीत बसून औषधाचा वाडगा खुर्चीच्या दांड्यावर आपटत होत्या. हळूमावशी जमिनीवर होत्या, एक हात कमरेवर, चेहरा पांढराफटक.

"हिला उठव!" काकू माझ्यावर ओरडल्या. "मला खुर्चीत नीट ठेवलं आणि स्वतः खाली बसली ती बसलीच. मला उठता येत नाही, हिला उठता येत नाही, घरात आता उभं राहायला कुणी उरलं नाही!"

"बसवेपर्यंत काही झालं नाही," हळूमावशी दातांमधून म्हणाल्या. "सोडल्यावर झालं."

कमरेचा मणका सरकला होता. डॉक्टरांनी पट्टा दिला, गोळ्या दिल्या, आणि सांगितलं की यापुढं माणूस उचलायचं नाही. पाण्याची भरलेली बादलीसुद्धा नाही. खाली झोपायचं नाही. हळूमावशी सगळं मान डोलावत ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांची फळी रिकामी होती आणि पिशवी भरलेली.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"अजून कुठं नाही. पण विचारतील तेव्हा तयार असलेलं बरं." त्या काकूंच्या पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या, पट्ट्यामुळे ताठ. "माझंच चुकलं, बाई. काकू गेल्यावर काय, ते ठरवलं. मीच आधी मोडले तर काय, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. इतकी म्हातारी माणसं हाताखालून गेली, पण आपणही त्याच रांगेत आहोत हे डोक्यातच आलं नाही."

संध्याकाळी सूनबाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "बाई, मी वाईट दिसेन, पण खरं सांगते. आम्हाला एका म्हातारीची सोय हवी होती. दुसरी म्हातारी नको होती." त्यांनी खांद्यावरची पर्स खाली ठेवली, आणि तिच्यासोबत दिवसभराचं सगळं ओझंही. "आणि त्यांना बाहेर काढायचीही हिंमत नाही माझ्यात. सांगा काय करू."

मी त्यांची पर्स उचलून त्यांच्या हातात दिली.

पुढच्या रविवारी पुन्हा सगळे जमलो. या वेळी काकूंच्या खोलीतच, काकूंनी तसं बजावलं होतं. मुलानं आठवडाभर मनात घोळवलेलं एका दमात सांगितलं. "मावशी, आपलं दोन महिन्यांचं ठरलंय. ते आत्ताच धरू. दोन महिने आराम करा, पगार पूर्ण घ्या, आणि मग... मग बघू."

त्याच्या परीनं तो न्यायानं वागत होता. पण पलंगावरून उत्तर आलं, "ते दोन महिने माझ्या मरणानंतरचे आहेत. मी अजून मेले नाही. माझे महिने तू कुणाला विचारून वाटतोस?"

"आई, पण त्यांना आता काम..."

"उचलायला सकाळ-संध्याकाळ दुसरी बाई लाव. भरवणं, अंग पुसणं, औषधं, रात्रीची सोबत हे हिला येतं. टेप ओढली की उठते ना ही? मग झालं तर."

तेव्हा सूनबाई पुढं झाल्या. त्या बोलल्या ते मनापासून, याबद्दल मला शंका नाही. "मावशी, असं करू. पगाराचं सोडून द्या. दुसरी बाई लावली की दोन पगार झेपायचे नाहीत. पण तुम्ही कुठंही जाऊ नका. इथंच राहा, आमच्यात जेवा. घरातल्यासारख्या. जमेल तेवढं करा, नाही जमलं तर नका करू. तुम्हाला परकं कोण समजतंय?"

मला वाटलं, सुटलं एकदाचं. मुलाचे खांदेही सैल पडले. हळूमावशींनी खाली बघितलं, आणि हलकेच मान हलवली. नाही.

"नको वहिनी."

"का?"

"घरातल्यासारखी राहून झालंय माझं. भावाकडे. पगार घेते तोवर मी कामाला आहे. पगार थांबला की मी उपकारात. कामाला वेळ असते, उपकाराला नसते. गुरुवारी बाहेर निघाले तर तुम्ही काही म्हणणार नाही, पण मीच निघणार नाही. ताटावरून कुणी उठवणार नाही, मीच उठेन. अर्धा द्या. अर्ध्यालाही कमी द्या. पण पगार द्या, आणि अटी त्याच ठेवा. नाहीतर मी निघते."

"कुठं निघता?" सूनबाईंचा आवाज फाटला. "कमरेला पट्टा बांधून कोण ठेवणार आहे तुम्हाला? आम्ही घरचं मानतोय, आणि तुम्हाला पगार हवाय! माणुसकी म्हणून काही आहे की नाही?" आणि त्या तरातरा स्वयंपाकघरात गेल्या.

हळूमावशींनी पिशवीचा बंद हातात घेतला. त्या ती उचलू शकत नव्हत्या, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. तरी त्यांनी बंद सोडला नाही.

मी सूनबाईंच्या मागं गेले. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. नळ उगाचच चालू होता. मी तो बंद केला आणि काही न बोलता थांबले. वर्गातून रडत बाहेर गेलेल्या मुलांजवळ मी असंच थांबत असे. आपण बोललो की ती बोलत नाहीत.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "बाई, मीही या घरात घरातलीच आहे ना?"

"हो."

"मग मला कोण गुरुवार देतं?"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ दगडासारखी झाली होती.

"बँकेतून येते, उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकते. लग्न झाल्यापासून एक ताट सलग बसून संपवल्याचं आठवत नाही मला. आणि ह्या बाईनं पहिल्याच दिवशी ती अट घातली तेव्हा मला इतका राग आला होता... मला वाटलं, काय हा तोरा." त्यांनी ओल्या हातानं चेहरा पुसला. "तोरा नव्हता तो. मला फक्त सुचलं नव्हतं."

त्या परत आतल्या खोलीपाशी गेल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "द्या यांना पगार. निदान एकीला तरी सुट्टी मिळू दे या घरात."

"आणि पैसे?" मुलानं विचारलं. तो बिचारा हिशेबाचा माणूस.

"माझ्या दुकानाचं भाडं येतं ना," काकू म्हणाल्या. "ते काय मी बरोबर नेणार आहे? त्यातून दे. मालकीण मी. आता हिनं माझ्याशी बोलायचं." मग हळूमावशींकडे वळून, "अर्धा. आणि त्यातही घासाघीस केलीस तर टेप गळ्याला बांधीन."

"अर्धा चालेल, काकू. खाली झोपणार नाही मात्र. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग कुठं झोपणार, माझ्या डोक्यावर?"

त्यावर मुलगा हसला, आणि कुणाच्या लक्षात येण्याआधी सूनबाईही हसल्या, नाक ओढत. हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं. सगळेच इतके दमलेले होते की कुणीतरी काहीतरी संपवावं एवढंच प्रत्येकाला हवं होतं. मला पुन्हा कागद लिहायला लागला. हळूमावशींनी पिशवीतले कपडे फळीवर परत लावले, एक एक करून, कारण वाकता येत नव्हतं.

सूनबाईंना गुरुवार काही मिळाला नाही. पण रविवारी संध्याकाळी त्या आता तासभर माझ्याकडे वर येऊन बसतात. बोलतात कमी. बहुतेक वेळा माझ्या आरामखुर्चीत त्यांचा डोळा लागतो. मी दिवा लावत नाही.

काकू अजून आहेत. बोलणं थोडं अडखळतं, शिव्या मात्र स्पष्ट येतात. उचलायला सकाळ-संध्याकाळ एक तरुण बाई येते, धसमुसळी आहे, तिला हळूमावशी दारात उभ्या राहून शिकवतात.

हळूमावशींनी स्वतःच्या पैशांनी जुन्या बाजारातून एक लोखंडी पलंग आणला. तो काकूंच्या पलंगाला लागून टाकलाय. त्यामुळे त्या खोलीतल्या कपाटाचं एकच दार उघडतं, आणि सूनबाई त्याबद्दल रोज कुरकुर करतात.